एन.सी.सी.च्या शारीरिक चाचण्या आणि दुखापती : गोव्यातील कॅडेट, पालक व शिक्षक यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंडा, डिचोली, साखळी या भागांतील शाळांमध्ये मी बरीच वर्षे शारीरिक शिक्षण शिकवले आणि त्यातील काही वर्षे एन.सी.सी.चे काम पाहिले. निवृत्तीनंतरही कॅडेट, त्यांचे पालक आणि नव्याने ही जबाबदारी आलेले शिक्षक प्रश्न पाठवत राहतात, आणि त्यांतले बरेचसे तेच ते असतात. म्हणून उत्तरे एकदाच नीट लिहून ठेवली आहेत. मी डॉक्टर नाही. ‘डॉक्टरांना दाखवा’ असे ज्या उत्तरात लिहिले आहे, तिथे ते शब्दशः घ्यावे.

१. एन.सी.सी.मध्ये नेमक्या कोणत्या शारीरिक चाचण्या असतात? त्या सगळ्यांना द्याव्याच लागतात का?

‘फिटनेस टेस्ट’ या एकाच नावाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी येतात, आणि निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो. पहिली चाचणी शाळेची असते. फिट इंडिया उपक्रमातील मूल्यमापनात मोठ्या मुलांसाठी उंची-वजन, ५० मीटर धाव, ६०० मीटर धावणे किंवा चालणे, बसून पुढे वाकणे, ३० सेकंदांत होणारे अर्धे कर्ल-अप आणि पुश-अप यांची नोंद होते. ही नोंद मुलाची प्रगती पाहण्यासाठी असते, त्यात नापास होणे असे काही नाही. दुसरी चाचणी निवडीची. प्रजासत्ताक दिन शिबिर, थल सैनिक शिबिर यांसारख्या ठिकाणी मोजकेच कॅडेट जाणार असतात, त्यामुळे धाव, अडथळे आणि कवायत यांत चुरस असते. तिसरी चाचणी भरतीची, म्हणजे अग्निवीर मेळाव्यातील १.६ किलोमीटरची धाव, बीमवरचे पुल-अप, ९ फुटांचा खड्डा ओलांडणे आणि झिगझॅग तोल. ती एन.सी.सी.ची चाचणीच नव्हे, पण अनेक कॅडेट मनात तीच धरून सराव करतात.

‘ए’, ‘बी’ आणि ‘सी’ प्रमाणपत्रांचा पाया ७५ टक्के हजेरी, शिबिर आणि परीक्षा हा आहे. ज्याला वेगाने धावता येत नाही, त्याने या कारणासाठी एन.सी.सी. सोडण्याचे काही कारण नाही.

२. माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. या वयात धावण्याच्या आणि पुश-अपच्या चाचण्या सुरक्षित आहेत का?

आहेत. ६०० मीटरची धाव किंवा वीस पुश-अप यांनी निरोगी मुलाच्या वाढीला धोका पोहोचत नाही, आणि ‘पुश-अप मारल्याने उंची खुंटते’ या समजाला आधार नाही. मात्र मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांची चौदाव्या वर्षाच्या आसपास सर्वांत झपाट्याने वाढते, आणि त्या काळात हाडांच्या टोकांजवळची वाढीची पट्टी व तिच्या जवळ जोडलेले स्नायूबंध हे शरीरातले कच्चे दुवे असतात. अशा मुलाला एखादी चाचणी चालते, पण तीच चाचणी महिनाभर रोज घेतलेली चालत नाही.

३. चाचणीच्या दिवशीच दुखापती जास्त होतात का?

नाही. चाचणीच्या दिवशी घोटा मुरगळतो, मांडीचा स्नायू खेचला जातो, आणि उन्हाचा त्रासही त्याच दिवशी होतो (प्रश्न ८ पाहा). परंतु महिना-दोन महिने घरी बसवणाऱ्या दुखापती चाचणीच्या आधीच्या तीन ते सहा आठवड्यांत तयार झालेल्या असतात.

त्याचे कारण हाडाच्या स्वभावात आहे. हाडावर नवा भार पडू लागला की शरीर आधी तिथले जुने हाड पोखरून काढते आणि मग नवे भरते. काढण्याचे काम काही आठवड्यांत होते, भरण्याचे काम काही महिने चालते. म्हणजे अचानक सुरू केलेल्या सरावाच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, कॅडेटला दम चांगला टिकू लागलेला असतो नेमक्या त्या वेळी, नडगीचे हाड आधीपेक्षा कमकुवत असते. ‘आता कुठे जमायला लागलेय’ असे कॅडेट ज्या आठवड्यात म्हणतो, त्याच आठवड्यात त्याला आवरावे लागते.

गोव्याच्या वेळापत्रकात हे दोनदा घडते. चवथीच्या सुट्टीत मुले आठ-दहा दिवस नेवऱ्या आणि मोदक खाऊन निवांत असतात, आणि परतल्यावर लगेच शिबिराच्या निवडीची धावपळ सुरू होते. दुसऱ्यांदा ते डिसेंबर-जानेवारीत होते, कारण आपल्याकडे १९ डिसेंबरचा मुक्तिदिन आणि २६ जानेवारीचा प्रजासत्ताक दिन अशी दोन संचलने एकामागून एक येतात आणि त्यांच्या पाठोपाठ प्रमाणपत्राच्या परीक्षा. संचलनाचा सराव ‘धावणे’ म्हणून कुणी मोजत नाही. डांबरावर किंवा सिमेंटवर दोन तास टाच आपटत केलेली कवायत नडगीला मात्र मोजता येते. तिच्या हिशेबी ती धावच आहे.

४. मग तयारी किती आठवडे आधी सुरू करावी आणि कशी वाढवावी?

कमीत कमी आठ आठवडे. यासाठी चाचणीची तारीख आठ आठवडे आधी माहीत असायला हवी, आणि ती सांगणे हे शिक्षकाचे काम आहे. ‘पुढच्या शनिवारी टेस्ट’ अशी सूचना फळ्यावर लागली की त्या आठवड्यात अर्धी तुकडी रोज पूर्ण अंतर पळून पाहते.

आठवड्यातून तीन दिवस धावावे आणि मधे एक दिवस सोडावा. सुरुवातीला धावणे आणि चालणे आलटून-पालटून करावे. अंतर आठवड्याला सुमारे दहा टक्क्यांनी वाढवावे, आणि दर चौथ्या आठवड्यात ते मुद्दाम कमी करावे. दहा टक्के हा काही निसर्गनियम नाही, पण अंदाज नसलेल्याला तो हाताशी बरा. अंतर आणि वेग एकाच आठवड्यात वाढवू नयेत. पूर्ण चाचणी सरावात फार तर दोनदा द्यावी, चौथ्या आणि सातव्या आठवड्यात. शेवटच्या आठवड्यात सराव निम्म्यावर आणावा. राहून गेलेला सराव या आठवड्यात भरून निघत नाही, फक्त पाय थकतात.

उरलेल्या दिवसांपैकी दोन दिवस वीस मिनिटांचे बळाचे काम पुरते. उठाबशा, एका पायावर तोल, पायरीवर उभे राहून टाचा वर-खाली करणे, प्लँक आणि उडी मारून हळुवार खाली येणे. त्यातले शेवटचे सर्वांत जास्त टाळले जाते. उडी मारून खाली येताना गुडघे आत वळत असतील, तर ते आधी सुधारावे आणि अडथळ्यांचा सराव नंतर द्यावा.

५. नडगी दुखते. पळत राहावे की थांबावे?

हा सर्वाधिक येणारा प्रश्न आहे. बसून पाय सैल सोडावा आणि नडगीच्या आतल्या कडेने, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत, अंगठ्याने हळूहळू दाबत खाली यावे.

खालच्या अर्ध्या भागात चार-पाच बोटे रुंदीच्या पट्ट्यात सर्वत्र दुखत असेल, धावण्याच्या सुरुवातीला दुखून अंग गरम झाल्यावर कमी होत असेल, तर तो बहुधा हाडावरच्या आवरणाला आलेला ताण असतो. कॅडेट याला ‘शिन पेन’ म्हणतात. अशा वेळी दोन आठवडे धाव व टाच आपटणारी कवायत थांबवावी. सायकल, पोहणे आणि बळाचा व्यायाम चालू ठेवावा, आणि दुखणे पूर्ण गेल्यावर आधीच्या निम्म्या अंतरापासून पुन्हा सुरू करावे.

बोटाच्या टोकाएवढ्या एकाच जागी दाबल्यावर कळ येत असेल, धावताना दुखणे कमी होण्याऐवजी वाढत असेल, रात्री झोपेत ठणकत असेल किंवा त्या पायावर एकदा लंगडी घालून उडी मारवत नसेल, तर हाडाला केसासारखी चीर असण्याची शक्यता धरून त्याच दिवशी थांबावे आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. म्हापसा आणि मडगाव येथील जिल्हा रुग्णालयांत व बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजमध्ये ही सोय आहे. येथे एक फसगत वारंवार होते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या क्ष-किरण चित्रात अशी चीर बहुतेक वेळा दिसत नाही. ‘एक्स-रे नॉर्मल आला, म्हणजे काही नाही’ असे म्हणून मुलाला पुन्हा मैदानात उतरवलेले मी पाहिले आहे, आणि त्याच मुलाला नंतर कुबड्यांवर येतानाही पाहिले आहे. चित्र स्वच्छ असले तरी एकाच जागची कळ टिकून असेल, तर डॉक्टर एम.आर.आय. सुचवू शकतात. नडगीची चीर वेळीच सापडली तर साधारण सहा ते आठ आठवड्यांत भरते.

धावताना जांघेत खोलवर दुखत असेल, तर वरची कुठलीही वाट पाहू नये. खुब्याच्या मानेला गेलेली चीर पूर्ण मोडली तर शस्त्रक्रिया टळत नाही.

६. मुलाच्या गुडघ्याखाली हाडाचा टेंगूळ आला आहे आणि तिथे दुखते. टाचही दुखते असे म्हणतो. हे काय?

वाढीच्या वयातली ही दोन नेहमीची दुखणी आहेत. मांडीचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वाटीवरून येऊन जिथे नडगीला जोडला जातो, ती जागा मुलाच्या शरीरात अजून पूर्ण हाड झालेली नसते. उड्या, उठाबशा आणि धाव यांनी ती ओढली जाते आणि तिथे टेंगूळ येतो. टाचेच्या मागे पोटरीची शीर जोडली जाते, तिथेही तसेच घडते आणि ते त्याहून थोड्या लहान वयात दिसते. वाढ पूर्ण झाली की दोन्ही आपोआप शमतात. टेंगूळ मात्र राहू शकतो, आणि तो राहिला तरी बिघडत नाही.

यासाठी पूर्ण विश्रांतीची गरज नसते. दुखणे दहापैकी तीनच्या आत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मावळत असेल, तर सराव चालू द्यावा. लंगडत असेल तर द्यावयाचा नाही. गुडघे टेकून करायच्या पोझिशन आणि फ्रंट रोल यांतून अशा मुलाला बाजूला ठेवावे आणि तुकडीला त्याचे कारण सांगावे, म्हणजे त्याची टिंगल होत नाही. गुडघ्याचे एक दुखणे मात्र या चौकटीत बसत नाही. त्याविषयी प्रश्न १६ मध्ये लिहिले आहे.

७. एकाच वर्गातल्या दोघा मुलांना एकच तक्ता लावणे अन्यायाचे नाही का?

आहे. चौदा वर्षांच्या दोन मुलांपैकी एकाला मिसरूड फुटलेली असते आणि दुसरा अजून लहान मुलासारखाच दिसतो, आणि दोघांकडून बीमवर सारखेच पुल-अप मागितले जातात. निवडीच्या चाचणीत तक्ता बदलणे शिक्षकाच्या हातात नसते. सराव कसा घ्यावा हे मात्र त्याच्याच हातात असते. दर तीन महिन्यांनी भिंतीवर उंचीची रेघ मारावी. ज्याची उंची वर्षाला आठ-दहा सेंटिमीटरच्या गतीने वाढते आहे, त्याचा भार त्या काळात वाढवू नये.

८. गोव्यात पारा ३३-३४ अंशांच्या वर क्वचितच जातो. मग उन्हाचा एवढा बाऊ कशासाठी?

कारण आपल्याकडे घाम सुकत नाही. शरीर थंड होते ते घाम येण्याने नव्हे, घाम उडून जाण्याने, आणि समुद्राकाठच्या दमट हवेत तो शर्टातच राहतो. नागपूरच्या ४० अंशांत मुलगा कोरडा दिसतो आणि आपल्याकडे ३२ अंशांत त्याचा शर्ट पिळता येतो. पिळता येणारा शर्ट म्हणजे वाया गेलेला घाम. म्हणून केवळ तापमान पाहून धाव घ्यायची की नाही हे ठरवू नये. आर्द्रता, ऊन आणि वारा हे तिन्ही पाहावे.

व्यवहारात पुढील गोष्टी पाळाव्यात. मार्च ते मे आणि ऑक्टोबरमध्ये धावण्याची चाचणी सकाळी साडेसातपूर्वी संपलेली असावी. शरीराला उष्णतेची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात, त्यामुळे सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यात पूर्ण जोराची धाव कधीच घेऊ नये. चाचणीच्या आदल्या रात्री झोप पुरेशी असावी. शिबिरात ही अट सर्वांत आधी मोडते. सकाळी रिकाम्या पोटी आणू नये. मीठ घातलेली उकड्या तांदळाची पेज तासभर आधी घेतली, तर तिच्याइतके सोपे आणि पोटाला सोसणारे दुसरे काही नाही. धाव झाल्यावर मीठ-साखर घातलेले कोकम सरबत किंवा एक लिटर पाण्यात एक पुडी या प्रमाणात केलेले ओ.आर.एस. द्यावे. भीतीपोटी दोन-दोन लिटर साधे पाणी एकदम पाजू नये, त्यानेही रक्तातले मीठ घसरून मुले आजारी पडतात.

आणि पाहुण्यांसाठी धाव थांबवू नये. ही चूक मी स्वतः केली आहे. मार्चच्या अखेरीस सकाळी सातला ठरलेली धाव प्रमुख पाहुणे उशिरा आल्याने साडेनऊला सुरू झाली, आणि मी ती रद्द केली नाही. तिसऱ्या फेरीत एक मुलगा रेषा सोडून मैदानाकडेच्या काजूच्या झाडांकडे वळला. धावत गेलो, नाव विचारले, तर त्याने रोल नंबर सांगितला आणि हसला. पुढे काय केले ते पुढच्या उत्तरात आहे.

९. धावताना मुलगा असंबद्ध बोलू लागला किंवा कोसळला, तर मैदानावर काय करावे?

ताप, थकवा आणि घाम असूनही जो नीट बोलतो आहे, त्याला सावलीत झोपवून, पाय वर करून, ओल्या फडक्यांनी पुसून आणि पाणी पाजून बहुधा अर्ध्या तासात बरे वाटते. जो गोंधळला आहे, चिडतो आहे, भलतेच बोलतो आहे किंवा बेशुद्ध आहे, त्याला उष्माघात समजूनच वागावे. श्रमाच्या उष्माघातात शरीर आतून ४० अंशांच्या वर गेलेले असते, आणि कातडी घामाने ओलीही असू शकते. ‘घाम येतो आहे, म्हणजे उष्माघात नाही’ हा समज जीव घेऊ शकतो.

१०८ ला फोन करावा, पण रुग्णवाहिका येईपर्यंत नुसते थांबू नये. आधी थंड करावे, मग हलवावे. मोठे टब नसेल तर ताडपत्री घ्यावी. सहा-आठ कॅडेटनी तिच्या कडा उचलून धराव्यात, मध्ये मुलाला झोपवून त्यावर पाणी आणि बर्फ ओतावा, डोके बाहेर धरावे आणि पाणी हाताने हलवत राहावे. शुद्धीवर येऊन नीट बोलू लागेपर्यंत किंवा हुडहुडी भरेपर्यंत हे चालू ठेवावे. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी घालू नये. बर्फाची अडचण गोव्यात पडू नये, कारण मासळीबाजारात सकाळी सहालाच तो मिळतो. चाचणीच्या दिवशी मासळीच्या पेटीत दोन लाद्या आणून ठेवाव्यात. वरच्या मुलाच्या वेळी आमच्याकडे बर्फ नव्हता. विहिरीचे पाणी आणि पंप होता, तो वाचला. त्यानंतरच्या प्रत्येक चाचणीला पेटी होती.

१०. परेडमध्ये उभ्या उभ्या मुले कोसळतात, तेही उष्माघातच का?

बहुतेक वेळा नाही. ‘सावधान’मध्ये गुडघे ताठ धरून फार वेळ उभे राहिले की रक्त पायांत साचते आणि मेंदूकडे कमी जाते. आडवे होताच शुद्ध येते. गुडघे किंचित सैल ठेवावेत, बुटांच्या आत बोटे आणि पोटऱ्या हलवत राहावे, सकाळी खाऊन यावे. पाच मिनिटांत पूर्ण सावध झाला नाही तर प्रश्न ९ प्रमाणे वागावे. धावता धावता, म्हणजे श्रम चालू असतानाच, जो कोसळला त्याची गोष्ट वेगळी आहे. ती प्रश्न १३ मध्ये पाहा.

११. बूट घालून धावावे की कॅनव्हास? आणि पावसाळ्यात सराव कुठे करावा?

धावण्याचा सराव धावण्याच्या बुटांतच करावा. कवायतीचे टाचेला लोखंड लावलेले जड बूट नवे असतील, तर दोन आठवडे घरी रोज थोडा वेळ घालून ते मऊ करून घ्यावेत. पहिल्याच दिवशी संचलनाला घातलेले बूट टाचेची कातडी सोलतात, फोड टाळायला कॅडेट पाऊल तिरपे टाकतो, आणि पुढे घोटा आणि गुडघा त्याची किंमत देतात.

आपल्याकडची बरीच मैदाने जांभ्याची आहेत. उन्हाळ्यात वर सुटी खडी असते आणि पावसाळ्यात शेवाळ. खडी झाडून घ्यावी, शेवाळलेला कोपरा फक्कीने आखून बंद करावा. पावसाळ्यात शाळेच्या सिमेंटच्या व्हरांड्यात गोल गोल धावण्यापेक्षा तीन महिने जिने चढणे, दोरीवरच्या थोड्या उड्या आणि बळाचे व्यायाम यांवर काढणे चांगले. १५ ऑगस्टची कवायत त्यातून वेगळी धरावी, आणि ती असताना धाव कमी करावी.

१२. ताप येऊन गेला. चाचणी चार दिवसांवर आहे. धावू द्यावे का?

नाही. ताप, अंगदुखी, छातीत दुखणे किंवा धडधड यांपैकी काहीही चालू असताना जोराने धावू नये, कारण विषाणूजन्य तापात हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते आणि तेव्हा घेतलेले श्रम जिवावर बेततात. साध्या तापानंतर औषधाविना ताप उतरून काही दिवस झाल्यावर आधी चालणे, मग हलकी धाव असे यावे. डेंग्यू किंवा लेप्टोस्पायरोसिस होऊन गेला असेल, तर डॉक्टरांनी लेखी परवानगी दिल्याशिवाय मैदान नाही. आणि चाचणी चार दिवसांवर असली तर ती पुढे ढकलावी. त्याविषयी प्रश्न १५ पाहा.

१३. वैद्यकीय दाखला दिला आहे. तो पुरेसा नाही का?

दाखला आवश्यक आहे, पण तो बहुतेक वेळा वर्षाच्या सुरुवातीला दोन मिनिटांत लिहिलेला असतो. खरी माहिती घरातून येते. पालकांना चार प्रश्न लेखी विचारावेत. श्रम करताना मूल कधी बेशुद्ध पडले होते का? धावताना छातीत दुखते किंवा धडधडते का? घरात कुणी पन्नाशीच्या आत अचानक दगावले आहे का? दमा आहे का? पहिल्या तिन्हींपैकी एकालाही ‘होय’ असेल, तर हृदयतज्ज्ञांनी पाहिल्याशिवाय धाव नाही, मग ती ६०० मीटरची का असेना. दमा असलेल्या मुलाला बंदी घालू नये. डॉक्टरांनी सांगितले असेल तर धावेआधी पंप घ्यावा आणि तो शिट्टी असलेल्या शिक्षकाच्या खिशात असावा, दप्तरात नव्हे.

१४. मुलींसाठी वेगळे काही पाहावे लागते का?

मासिक पाळीत धावणे वर्ज्य नाही, आणि कुणी वर्ज्य ठरवूही नये. पोटात फार दुखत असेल तर मुलीने तसे सांगावे आणि कारण न विचारता तिची वेळ बदलावी. खरी काळजी रक्ताची घ्यावी. लवकर धाप लागते, जिना चढताना थकवा येतो, वेळ सुधारण्याऐवजी घसरते, अशी मुलगी आळशी असेलच असे नाही. हिमोग्लोबिन तपासावे, ते १२ च्या खाली असेल तर आधी उपचार आणि मग सराव. धावणे वाढले आणि जेवण घटले, पाळी तीन महिने आलीच नाही, आणि नडगीही दुखू लागली, अशी तिन्ही लक्षणे एकत्र आली तर हाडांवर संकट आहे असे समजून डॉक्टरांकडे न्यावे. बारीक दिसावे म्हणून रात्रीचे जेवण सोडलेल्या कॅडेट मला भेटल्या आहेत. त्यांच्या आयांना ते माहीत नव्हते.

१५. चाचणीच्या दिवशीच दुखापत झाली तर नाव कटते का? आधी ब्रुफेन घेऊन धावले तर चालेल का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. चालत नाही. वेदना ही थांबण्याची एकमेव सूचना असते, गोळी तीच दाबते. शिवाय घाम जाऊन पाणी कमी झालेल्या शरीरात अशी गोळी मूत्रपिंडांवर ताण आणते.

नाव कटते का, हे चाचणी कुठली त्यावर अवलंबून आहे. शाळेच्या चाचणीत पुन्हा तारीख देता येते आणि द्यावीच. निवडीच्या चाचणीत जागा मोजक्या असतात, आणि तिथे कॅडेटला गमावण्यासारखे काही असते म्हणूनच तो दुखणे लपवतो. यावर मला सुचलेला आणि थोडाफार उपयोगी पडलेला मार्ग असा, की निवडीच्या आधीच्या महिन्यात दुखणे सांगणाऱ्याला पंधरा दिवसांनंतरची राखीव तारीख आधीच जाहीर करावी. ज्याला दुसरी संधी दिसते, तो पहिली संधी लंगडत गाठत नाही. बटालियनचे अधिकारी लवकर कळवले तर बरेच ऐकून घेतात, चाचणीच्या सकाळी कळवले तर त्यांचाही इलाज नसतो.

शिबिरात किंवा प्रशिक्षणात गंभीर दुखापत झाली तर त्याच दिवशी लेखी अहवाल द्यावा, रुग्णालयाचे कागद आणि पावत्या जपून ठेवाव्यात. एन.सी.सी.च्या कॅडेट कल्याण सोसायटीकडून अशा वेळी मदत मिळू शकते आणि तिचा अर्ज युनिटमार्फत जातो.

शिक्षा म्हणून दिलेल्या शंभर उठाबशा किंवा फ्रंट रोल, ज्याला सगळे ‘रगडा’ म्हणतात, यांविषयी पालक दबक्या आवाजात विचारतात. गोवा बाल कायदा, २००३ नुसार शाळेत शारीरिक शिक्षेला बंदी आहे. सराव नसलेल्याकडून शेकड्याने उठाबशा घेतल्या की स्नायू फुटून लघवी चहासारखी काळपट होते आणि मूत्रपिंडे धोक्यात येतात. अशी लघवी दिसली तर थेट रुग्णालय गाठावे. चांगले उस्ताद कवायतीची चूक कवायतीनेच सुधारून घेतात, हेही मी पाहिले आहे.

१६. कॅडेट म्हणतो, ‘काही दुखत नाही’, पण चालताना लंगडतो. काय करावे?

त्याच्या बोलण्यापेक्षा त्याच्या चालण्यावर विश्वास ठेवावा. धावून दाखव असे सांगू नये, धावताना सगळेच ताठ होतात. जिना उतरायला सांगावे आणि मागून पाहावे. मग एका पायावर उभे राहून तीन छोट्या उड्या. जो पाय तो टाळतो, तो दुखरा.

प्रश्न ६ मध्ये उल्लेखलेला अपवाद इथेच सापडतो. साधारण दहा ते सोळा या वयात, विशेषतः वजन जास्त असलेल्या मुलांत, मांडीच्या हाडाचे वरचे टोक वाढीच्या पट्टीवरून घसरू शकते. बिघाड खुब्यात असतो आणि मुलगा हात गुडघ्यावर ठेवतो. गुडघा तपासावा तर तो निर्दोष निघतो, मग गोळी मिळते आणि मुलगा आठवड्याने पुन्हा रांगेत येतो. म्हणून गुडघा दुखतो असे सांगणाऱ्या, लंगडणाऱ्या आणि पाऊल बाहेर वळवून चालणाऱ्या मुलाला उताणे झोपवावे आणि त्याचा गुडघा हळूच पोटाकडे आणावा. मांडी सरळ न येता बाहेरच्या बाजूला वळत असेल, तर त्याला त्या पायावर एक पाऊलही टाकू देऊ नये. उचलून गाडीत बसवावे, आणि रुग्णालयात पोहोचल्यावर ‘खुब्याचाही एक्स-रे काढा’ असे स्वतःहून सांगावे.